इस्त्रीबाई

स्टुडिओत तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत. कपड्यांशी तिचा काही संबंध नव्हता. स्वतःचे कपडे तर ती दोरीवरून ओढून तसेच चुरगळलेले अंगात चढवायची. ती इस्त्री करायची चेहऱ्यांना. जाहिरातींसाठी काढलेले बायकांचे फोटो तिच्या कॉम्प्युटरवर यायचे आणि ती हातातलं पेन कॉम्प्युटरला जोडलेल्या काळ्या पाटीवर फिरवत त्यांतले डाग, पुरळ, डोळ्यांखालची वर्तुळं, मानेच्या वळ्या, दंडाची जादा चरबी एकेक करून पुसून टाकायची. आत गेलेली बाई बाहेर यायची ती परीटघडीची होऊन. हे नाव कुण्या एका फोटोग्राफरने थट्टेत ठेवलं होतं. तो नोकरी सोडून गेला, नाव राहिलं. पुढे पुढे दारावरचा वॉचमनसुद्धा पाकीट घेऊन आलेल्या माणसाला सांगायचा, इस्त्रीबाईंकडे द्या, डावीकडची शेवटची खोली.

खोली कसली, खुराडंच ते. खिडकीला काळा कागद चिकटवलेला, कारण बाहेरचा उजेड पडद्यावर पडला की रंग खोटे दिसतात. एक टेबल, एक खुर्ची, खुर्चीवर चपटी झालेली उशी आणि टेबलाच्या कडेला चहाच्या कपांचे गोल गोल डाग. ते डाग मात्र ती कधी पुसत नसे.

तिचा उजवा हात कधी स्वस्थ बसला नाही. बसमध्ये समोर एखादी बाई येऊन बसली आणि तिच्या हनुवटीवर तीळ दिसला, की इस्त्रीबाईची बोटं मांडीवर हलायला लागायची. टीव्हीवर बातम्या सांगणारीचं ती एक अक्षर ऐकत नसे. तिचं सगळं लक्ष बातमीवालीच्या नाकाशेजारच्या सावलीवर. एकदा ओळखीत कुणी वारलं म्हणून भेटायला गेली, तर त्या निपचित पडलेल्या म्हातारीकडे बघताना हिच्या मनात आलं, कपाळावरची ही शीर तेवढी काढली असती तर बरं दिसलं असतं. घरी येऊन ती स्वतःवरच चिडली आणि चिडून ओटा दोनदा घासला. नवरा म्हणायचा, जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही, आणि हिची तर दुसरं कुणी मेलं तरी जात नाही.

कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बँकेच्या जाहिरातीतली मॅनेजरीण असो की बिस्किटाच्या जाहिरातीतली आई, कुणाचं काय ठेवायचं आणि काय घालवायचं हे तिला सांगावं लागत नसे. आईला दोन पोरं असली तरी पोट असता कामा नये. डॉक्टरणीला चष्मा चालेल, पण चष्म्यामागे झोप न झालेले डोळे नकोत. आजीचे केस पांढरेशुभ्र हवेत, चेहरा मात्र तिशीतला; डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या ठेवायच्या त्या मोजक्या आणि हसऱ्या. सावळी बाई चालेल असं गिऱ्हाईक मोठ्या मनाने म्हणायचं आणि मग तोच फोटो पुन्हा पुन्हा परत पाठवायचं, जरा उजळ करा म्हणून. जाड बाई लागायची ती फक्त हसवायला. आणि मदत गोळा करणाऱ्या संस्थांची पोस्टरं आली की हीच इस्त्री उलटी फिरवावी लागायची. तिथे गरीब बाई हवी असायची आणि आलेली बाई पुरेशी गरीब दिसत नसे. मग इस्त्रीबाई तिच्या आठ्या खोल करायची, ओठ आणखी सुकवायची, डोळ्यांतली चमक काढून घ्यायची. एकदा तर एकच बाई सकाळी विम्याच्या जाहिरातीत सुखी गृहिणी म्हणून आली आणि दुपारी पुराच्या पोस्टरवर बेघर म्हणून. सकाळी पुसलेल्या रेघा इस्त्रीबाईने दुपारी परत ओढून दिल्या. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. डबा खाल्ला आणि पुढचा फोटो उघडला.

स्टुडिओचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने तयार फोटो पसंत केला की मूळ फोटो पुसून टाकायचा. फार पूर्वी एका नटीचा मूळ फोटो कुणीतरी बाहेर फोडला होता आणि मालकाला तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती. तेव्हापासून एका बाईचे दोन चेहरे ठेवायचे नाहीत, असा त्याचा दंडक. इस्त्रीबाईच्या तो इतका अंगवळणी पडला होता की घरच्या फोटोंनाही तिने तोच लावला. पुढचं सगळं रामायण झालं ते यातूनच.

तिची एकुलती एक मुलगी जन्मली तीच डाव्या गालावर जांभळट लाल डाग घेऊन. डोळ्याखालून निघून कानापर्यंत गेलेला आणि तिथून मानेवर उतरलेला, शाईची दौत कलंडावी तसा. डॉक्टर म्हणाले, दुखणार नाही, खुपणार नाही, तिच्याबरोबर वाढेल, राहू द्या. बापाने पहिल्याच दिवशी मुलीला मांडीवर घेऊन ‘काय गं शाई’ म्हणून हाक मारली आणि तेच नाव पडलं. बाप चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाला समोर बसवायचं, त्याच्या नाकावर फ्रेम ठेवायची, कुठला कान वर आहे आणि कुठला खाली ते बघायचं आणि काडी वाकवायची, हा त्याचा दिवसभराचा धंदा. इस्त्रीबाईला शाई हे नाव कधीच आवडलं नाही. पण त्या घरात तिची सत्ता फक्त फोटोंवर चालायची.

फोटोंवर मात्र ती पुरेपूर चालली. मुलीचा पहिला फोटो घरात आला तो तिच्या कॉम्प्युटरवरून साफ होऊनच. मग दुसरा, मग वाढदिवसाचा, मग शाळेच्या पहिल्या दिवसाचा. लेकीवर तिचा जीव होता, म्हणूनच तर. कुणी अल्बम उघडावा आणि ‘अरेरे’ म्हणावं, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. शाळेचा फोटोग्राफर ओळखीचा निघाला तेव्हा तर तिने वर्गाचा सगळा फोटोच मागून घेतला आणि चाळीस पोरांमधून एका पोरीचा गाल साफ करून परत दिला. गल्लीतल्या दुसऱ्या घरांतही मग तोच फोटो गेला. आणि दर वेळी मूळ फोटो पुसलेला.

या कामातली एक जुनी युक्ती आहे. फोटो पडद्यावर आरशासारखा उलटा करून घ्यायचा, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. ओळखीचा चेहरा उलटा झाला की परका होतो आणि परक्याचे दोष चटकन दिसतात. काम संपलं की परत सुलटा करायचा. लेकीचे फोटो तर ती न चुकता उलटे करूनच घ्यायची. सुलट्या फोटोतून पोरगी थेट तिच्याकडे बघायची आणि हात अडखळायचा.

शाई मोठी झाली, उंच झाली आणि पोहायच्या तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायला लागली. डाग तिने कधी झाकला नाही. पोरं विचारायची, ताई, हे काय आहे? ती रोज नवी थाप मारायची. कधी देवमाशाने पापी घेतली, कधी पाण्याखाली रंगाचं दुकान होतं तिथे धडकले. पोरांना सगळं पटायचं. आईला मात्र तलावावर जाणं कधी जमलं नाही. उघड्यावर सगळे आपल्या पोरीकडे बघत असतील, या विचाराने ती काहीतरी काम काढून घरात येरझाऱ्या घालत बसायची.

अशात एका साबण कंपनीला उपरती झाली. याच कंपनीने आजवर शेकडो बायका इस्त्रीबाईकडून उजळून घेतल्या होत्या. आता तिने ‘जशी आहे तशी’ नावाची मोहीम काढली. काळ्या बायका, जाड बायका, म्हाताऱ्या बायका, एक हात नसलेली, अंगावर डाग असलेली, सगळ्या हव्यात, आणि रस्तोरस्ती त्यांचीच मोठी पोस्टरं लागणार. मोहिमेची मुख्य होती एक सतत लगबगीत असलेली बाई. ती दर वाक्यात ‘खरीखुरी बाई’ म्हणायची, म्हणून स्टुडिओत तिचं नाव खरीखुरी मॅडम पडलं. इस्त्रीबाईला वाटलं, चला, काम कमी झालं. मालक हसला. म्हणाला, तुम्ही थांबा हो, खऱ्याला जास्त इस्त्री लागते.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी ती घरी आली तर बाहेरच्या खोलीत जमिनीवर सगळे अल्बम उघडे पडलेले आणि भिंतीवरच्या फ्रेम्स खाली उतरवलेल्या. मधोमध शाई बसली होती. तिचा डावा गाल कशाने तरी घासल्यासारखा सोललेला दिसत होता.

शाईने एका दमात सांगून टाकलं. तिने घरात कुणाला न विचारता त्या मोहिमेला नाव दिलं होतं. आपण कुणाची मुलगी तेही सांगितलं नव्हतं, कारण आई मध्ये पडली की गाल जागेवर राहत नाही हे तिला ठाऊक होतं. प्रत्यक्ष बघून शंभरांतून तिला निवडलं. ती सांगताना एवढी जोरात बोलत होती की, तिला ते किती हवं होतं हे इस्त्रीबाईला न सांगता कळलं. आज तिला लहानपणापासूनचे फोटो घेऊन बोलावलं होतं. छोटी मुलगी, मग मोठी, मग आणखी मोठी, आणि प्रत्येक फोटोत डाग तिच्याबरोबर वाढतोय, अशी छोटी फिल्म करायची होती. शाईने अल्बम नेले. लहानपणापासून रोज बघितलेले, म्हणून त्यांतला कोरा गाल तिच्या डोळ्यांना खुपायचाच बंद झाला होता; जाताना तिने ते उघडूनही पाहिले नव्हते. खरीखुरी मॅडमने पानं उलटली, पुन्हा उलटली आणि विचारलं, डाग कधीपासून आहे? जन्मापासून. मग हे काय? एकदा कुणीतरी रंगवलेली जखम खरी म्हणून त्यांना खपवली होती, त्यामुळे बाई ताकही फुंकून पीत होत्या. त्यांनी कापसाचा बोळा कशात तरी बुडवला आणि सगळ्यांसमोर शाईचा गाल खसाखसा पुसून पाहिला. डाग निघाला नाही. मग त्यांनी माफी मागितली, खांद्यावर हात ठेवला, चहा दिला. पण फोटोंशिवाय फिल्म कशी होणार? तसाच डाग असलेली दुसरी एक मुलगी होती आणि तिच्याकडे अल्बम भरलेला होता. या आठवड्यात फोटो आणलेस तर तू, नाहीतर ती.

“आई, माझा एक फोटो दे,” शाई म्हणाली.

“अगं, एवढे पडलेत की समोर.”

“यांत मी कुठे आहे?”

तुझ्या भल्यासाठीच केलं, हे वाक्य इस्त्रीबाईच्या ओठांवर आलं होतं. पण तिची नजर त्या सोललेल्या गालावर गेली आणि वाक्य तिथेच राहिलं. मूळ फोटो कुठेतरी ठेवले असतील ना, शाईने विचारलं. असतील, बघते, आई म्हणाली. नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तरी ती शोधत सुटली. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला, तो सुरूच झाला नाही. शाळेच्या फोटोग्राफरकडे गेली. त्याने आता दुकान बंद करून तिथे झेरॉक्स मशीन टाकलं होतं. तो म्हणाला, वर्गाचा फोटो आहे की, आणि तिचाच साफ केलेला फोटो काढून तिच्या हातात ठेवला. नणंदेकडे गेली. नणंदेने कपाटात जपून ठेवलेले सगळे फोटो बाहेर काढले, सगळे परीटघडीचे. एक होता माझ्याकडे तसला, नणंद म्हणाली, पण वहिनी, तुम्हीच नवा दिलात आणि जुना माझ्यासमोर फाडलात, आठवत नाही? इस्त्रीबाईला आठवत होतं. तिने पाणीही घेतलं नाही आणि उठली. जुन्या शेजारणीकडे, दाईकडे, वाढदिवसाला आलेल्या एकेकाकडे ती फिरली. सगळ्यांनी फोटो जपले होते. इतकं नीट काम तिने आयुष्यात दुसरं केलं नव्हतं.

शाई घरात बोलत होती, पण कामापुरतं. ताट वाढू का, हो. उद्या लवकर जायचंय, बरं. एवढंच. इस्त्रीबाईला बसवत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं. कपाट लावायला घ्यायची आणि अर्ध्यावर सोडायची. आठवडा सरत आला तसं तिच्या मनात एकदम आलं, पुसता येतं ते काढताही येतं की. विम्याच्या बाईच्या रेघा दुपारी परत ओढल्याच होत्या. मग हे तर आपलं, हातातलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने खोलीचं दार लावलं आणि शाईचा पाच वर्षांची असतानाचा फोटो उघडला. गावच्या नदीत पहिल्यांदा उतरल्यावर काढलेला. कमरेला रबरी चक्र, केस डोक्याला चिकटलेले, हसून हसून डोळे मिटलेले, दोन्ही गाल कोरे. आज तिने फोटो उलटा केला नाही. आज तिला लेकीला सरळ बघायचं होतं. पेन टेकवलं आणि हात आपोआप चालू लागला. गार पाण्यात डाग गडद व्हायचा, हे अंघोळ घालताना पाहिलेलं. तो रंग तिने बरोबर आणला. कानाजवळ डागाला एक टोक फुटलेलं असायचं, ते काढलं. मानेवर उतरताना तो विरळ व्हायचा, तोही केला. आजवर लेकीच्या तोंडावरून फक्त काढून घेतलं होतं, आज पहिल्यांदा काही दिलं. दुपारचा चहा आला तो गार झाला. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि हात मात्र एकदाही अडखळला नाही.

संध्याकाळी तिने तो कागदावर छापलेला फोटो शाईसमोर ठेवला. शाईने तो उचलून दिव्याखाली धरला.

“अशी होते मी?”

“अश्शीच.”

शाईने डागाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिने आईच्या खांद्याला डोकं टेकवलं. कितीतरी दिवसांनी. काढलेला आहे हे तिला कळत होतं, पण जिने पुसला तिनेच परत काढला, तर तो खराच नाही का, असं ती स्वतःला समजावत असावी. उद्या सकाळीच हा त्यांच्याकडे नेऊन देते, ती म्हणाली, आणखी दोन-तीन होतील ना गं? होतील तर, इस्त्रीबाई म्हणाली, वीस होतील.

तेवढ्यात बाप आला. हातपाय धुऊन, चष्मा पुसून त्याने फोटो हातात घेतला. डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, आणि मग तो शाईकडे बघायला लागला. एकदा फोटो, एकदा शाई.

“झकास झालंय काम. पण ही कोण?”

“कोण म्हणजे? आपली लेक.”

“आपल्या शाईचा डाग माझ्या उजव्या हाताला येतो. हिचा डावीकडे आलाय.”

कुणी इस्त्रीबाईला झोपेतून उठवून विचारलं असतं तर तिने डावा गाल म्हणून सांगितलं असतं. पण हाताला कोण विचारणार? हाताने ती पोरगी आयुष्यभर उलटीच पाहिली होती, आणि आज फोटो सुलटा असताना तो आपल्या सवयीच्या बाजूला गेला. डाग पडला होता उजव्या गालावर. आणि शाईला तो बरोबर वाटला, कारण तिने स्वतःला पाहिलं होतं ते आरशात. लहानपणचा खरा फोटो तिने कधी पाहिलाच नव्हता, आणि फोनवर स्वतःला बघावं तर तिथेही आरसाच. घरात तिला समोरून बघत आला होता तो एकटा बाप, आणि त्याने कधी कॅमेरा हातात धरला नव्हता.

इस्त्रीबाईने शाईची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. ती बघत राहिली. डागाच्या खालच्या कडेला, मानेच्या वळणावर, दोन बारीक तीळ होते.

“हे कधी आले गं?”

“ते होतेच, आई.”

इस्त्रीबाईने हनुवटी सोडली. मग घाईघाईने फोटो उचलला, अजून वेळ गेलेली नाही, म्हणाली, एका सेकंदाचं काम आहे, एक बटण दाबलं की सगळा फोटो उलटा होतो, डाग बरोबर गालावर येईल, कुणाच्या बापाला कळणार नाही. कुणाच्या बापाला ते आत्ताच कळलं होतं, पण त्या बिचाऱ्याने चष्मा काढून परत पुसायला घेतला.

“नको,” शाई म्हणाली. “त्यांना खरा फोटो हवा होता. तो आपल्याकडे नाहीये. नाही तर नाही.”

तिने स्वतः फोन करून तसं कळवलं आणि रात्रीच्या पोळ्या लाटायला घेतल्या. तिला रडताना कुणी पाहिलं नाही. पोळ्या मात्र त्या दिवशी सगळ्या जाड झाल्या, आणि इस्त्रीबाईने त्या निमूट खाल्ल्या.

थोड्याच दिवसांत त्या दुसऱ्या मुलीचे फोटो स्टुडिओत आले. पोस्टरचा मोठा फोटो, आणि फिल्मसाठी तिचे लहानपणचे जुने फोटो, त्यांवरची धूळ आणि चरे काढायचे होते. मोठ्या फोटोबरोबर खरीखुरी मॅडमची चिठ्ठी होती. डाग राहू द्या, फक्त कडा जरा मऊ करा, रंग थोडा गुलाबीकडे न्या, आणि मानेवरचा भाग तेवढा काढा, फार होतंय. मूळचं खरेपण कायम ठेवा.

इस्त्रीबाईने आधी जुने फोटो घेतले. रांगणारी मुलगी, डाग. झोपाळ्यावरची मुलगी, डाग. शाळेच्या गणवेशातली, डाग. एका फोटोत त्या मुलीची आई होती. साधीशी, विस्कटल्या केसांची बाई. तिने मुलीला कडेवर घेऊन नेमका त्याच गालावर ओठ टेकवले होते, आणि पोरगी गुदगुल्या झाल्यासारखी अंग चोरून हसत होती. त्या बाईच्या नाकावर मोठा पुरळ होता, आणि इस्त्रीबाईच्या तो मागाहून, फार मागाहून लक्षात आला. तिने सगळ्या फोटोंवरची धूळ काढली. मग मोठा फोटो उघडला, पेन हातात घेतलं आणि तशीच बसली. बोटं पाटीवर वळवळत होती, जवळ जात होती, मागे येत होती. स्वतःच्याच हाताचा तिला त्या दिवशी राग आला. शेवटी तिने तो हात मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या हाताने फोटो जसाच्या तसा परत पाठवून दिला.

आता नोकरी जाणार, असं धरूनच ती चालली होती. उशी आणि पाण्याची बाटली तिने पिशवीत भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी खरीखुरी मॅडमचा फोन आला.

“काय काम केलंय तुम्ही! मी मूळ फोटो पाहिला होता ना, म्हणून सांगते. तुमचा हात लागला आणि चेहरा कसा खराखुरा झाला.”

इस्त्रीबाई ‘हं’ म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला इतकं हसू आलं की मालक दारात डोकावून गेला. हसता हसता ते हसू कडवट झालं. एवढी वर्षं यांना दिसत काय होतं? आणि यांचं जाऊ दे, मला काय दिसत होतं? नियमाप्रमाणे आता मूळ फोटो पुसायचा होता. तिने तो पुसला नाही, पिशवी उचलली आणि भर दुपारी स्टुडिओतून बाहेर पडली.

तलावावर ती पहिल्यांदाच गेली. आत औषधाचा उग्र वास आणि पोरांचा नुसता गलका. शाई कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, एका मुलाच्या पोटाखाली हात धरून त्याला पाय मारायला लावत होती. कुणी तिच्या गालाकडे बघत नव्हतं. सगळे बघत होते ते आपलं नाक पाण्याखाली जाऊ नये म्हणून. आईला काठावर बघून शाईच्या भुवया वर गेल्या, पण तिने शिकवणं थांबवलं नाही. एक चिमुरडी काठाला धरून लोंबकळत होती. तिने विचारलं, ताई, ती कोण?

“माझी आई.”

“मग तिच्या गालावर का नाही?”

“होता. तिने तिचा पुसून टाकला.”

चिमुरडीला ते पटलं. ती इस्त्रीबाईकडे मोठ्या आदराने बघत राहिली. इस्त्रीबाईने मान खाली घातली. वर्ग सुटून पोरं टॉवेल गुंडाळून पळाली, तेव्हा ती काठाशी वाकली.

“शाई,” तिने हाक मारली. हे नाव तिच्या तोंडून आजवर कधी निघालं नव्हतं. “एक फोटो काढू तुझा?”

शाईने लगेच हो म्हटलं नाही. ती दोन्ही हातांनी केस मागे सारत उभी राहिली. गार पाण्याने डाग गडद झाला होता, कानाजवळचं टोक चमकत होतं आणि मानेवरचे दोन तीळ डागाच्या कडेला स्पष्ट दिसत होते. मग तिने नुसती मान हलवली. ती हसली नाही, सरळ आईकडे बघत राहिली. इस्त्रीबाईने फोन धरला. फोटो थोडा तिरका आला, मागे कुणाचा तरी टॉवेल आला.

ती तो नीट बघणार, एवढ्यात शाईने पाण्यातून हात पुढे केला.

“इकडे दे.”

“अगं, भिजेल.”

“भिजू दे. आधी मला पाठवते. बाबांनाही पाठवते. मग तुझ्याकडचा तू काय वाटेल ते कर.”

इस्त्रीबाईने मुकाट्याने फोन दिला. शाईने ओल्या बोटांनी फोटो पाठवला, गेला का ते दोनदा पाहिलं आणि फोन काठावर ठेवून तिने पाण्यात बुडी मारली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि आईनेही विचारलं नाही. इस्त्रीबाईने फोन कपड्यांना पुसला आणि ती बाकावर बसून राहिली. जरा वेळाने फोन वाजला. चष्म्याच्या दुकानातून उत्तर आलं होतं, नवऱ्याच्या नेहमीच्या काटकसरीने लिहिलेलं.

“बरोबर. माझ्या उजव्या हाताला.”